थोरल्याने पाडलेले वाटे

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गावात भात पिकवणारे पुष्कळ, मासे मारणारे त्याहून पुष्कळ, आणि मीठ पिकवणारं घर मात्र एकच. गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा राणीचं राज्य होतं, तालुक्याला नवी कचेरी बसली होती आणि शिक्क्याच्या कागदाचं लोकांना मोठं अप्रूप होतं. ज्याला त्याला वाटायचं, आपलंही काहीतरी त्या कागदावर लिहिलेलं असावं.

मिठागराचा मालक म्हातारा झाला होता. बायको आधीच गेलेली, मुलगे दोन. थोरल्याचं नाव जोमा, धाकट्याचं राघो. पण गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नसे, थोरला आणि धाकटा म्हटलं की पुरे. थोरला कळायला लागल्यापासून बापाबरोबर मिठात राबत होता. धाकट्याला मात्र दहाव्या वर्षीच मामानं गलबतावर नेलं. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला लागली की तो चार महिने घरी यायचा, आणि त्या चार महिन्यांत मिठागर पाण्याखाली असायचं. पावसात मीठ कुठलं पिकायला? म्हणजे ज्या आगरावर त्याचा जन्म झाला, त्या आगरात मीठ धरताना त्यानं कळत्या वयात कधी पाहिलंच नव्हतं.

एक दिवस म्हातारा नवं धोतर नेसला, पागोटं बांधलं आणि होडीत बसून तालुक्याला गेला. कचेरीपाशी एक कारकून लोकांचे कागद लिहून द्यायचा. म्हातारा त्याच्यापुढे जाऊन बसला.

"माझ्यामागे पोरांनी भांडू नये असा कागद पाहिजे," तो म्हणाला.

"मृत्युपत्र म्हणतात त्याला," कारकून म्हणाला.

"नाव वाईट आहे. पण लिहा."

कारकुनानं लेखणी बुडवली. "सांगा. कुठला वाफा कोणाला?"

"ते मी नाही सांगणार. लिहा, की आगराचे दोन वाटे थोरल्यानं पाडावे. धाकट्यानं त्यातला एक आधी उचलावा. उरेल तो थोरल्याचा."

"अहो, एवढे आलात तर तुम्हीच वाटून द्या की. कागद पक्का होईल."

म्हातारा हसला. "मी वाटलं तर दोघंही जन्मभर म्हणणार, बापानं दुसऱ्याला जास्त दिलं. त्यापेक्षा हे बरं. वाटे पाडणाऱ्याला माहीत असतं, आपल्याला उरलेला मिळणार. मग तो कशाला डावं उजवं करतो? आमच्याकडे मासळीचे वाटे असेच होतात. आजवर कधी भांडण नाही झालं."

मासळीचं म्हातारा म्हणाला ते खरंच होतं. पण मासळीच्या वाट्यात पापलेट किती आणि बोंबील किती, हे आंधळ्याशिवाय सगळ्यांना दिसतं. मिठाच्या वाफ्याचं तसं नसतं. वरून सगळे वाफे सारखे. खरी गोम तळात असते, आणि तळ डोळ्यांना दिसत नाही, तो पायांना कळतो. वर्षानुवर्षं पायांनी तुडवून तुडवून चिकणमातीचा तळ दगडासारखा झाला, की त्यात मीठ पांढरंशुभ्र धरतं. तळात वाळू असली तर खारं पाणी खाली जिरतं, आणि वर जे काही राहतं ते मातकट आणि ओलसर असतं. म्हाताऱ्याला हे झोपेतही कळायचं. म्हणून त्याला असं वाटलं की सगळ्यांनाच कळतं. शहाण्या माणसाच्या चुका बहुतेक अशाच असतात.

कारकुनानं लिहिलं, म्हाताऱ्यानं अंगठा उठवला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. पुढच्या वर्षी आंब्याला मोहोर येता येता म्हातारा गेला. धाकटा तेव्हा दूर समुद्रावर होता. त्याला निरोप पोचून तो परत यायला वैशाख उजाडणार होता. पाटलानं ठरवलं, तो आला की कचेरीतून कागद आणायचा आणि वाटणी करायची. कागदात काय आहे ते म्हाताऱ्यानं घरी आणि पाटलाला सांगून ठेवलंच होतं, तेव्हा तोवर थोरल्यानं वाटे पाडून ठेवायचे.

थोरला बांधावर जाऊन बसला आणि आगराकडे बघत राहिला.

आगरात वाफे चाळीस होते. खाडीच्या आतल्या अंगाला, तिवरांच्या झाडीजवळ वीस जुने वाफे होते. वेडेवाकडे, लहानमोठे, एकाला चार कोपरे तर दुसऱ्याला पाच. पण त्यांचा तळ आज्यानं, मग बापानं, मग थोरल्यानं स्वतः तुडवलेला. दुसऱ्या अंगाला, होड्या लागतात त्या धक्क्याजवळ, वीस नवे वाफे होते. म्हाताऱ्यानं ते मरायच्या तीन वर्षं आधी पाडले होते. कसे, तर दोरी लावल्यासारखे सरळ आणि ऐसपैस. बघणाऱ्यानं म्हणावं, आगर असावं तर असं. पण खाली वाळू होती. म्हातारा म्हणायचा, "इथं खाडीतली चिकण आणून हातभर थर द्यायला पाहिजे, नाहीतर शंभर वर्षं तुडवलं तरी हे वाफे धरणार नाहीत." थर द्यायचा राहिला आणि म्हातारा गेला. ही गोष्ट म्हातारा, थोरला आणि थोरल्याची बायको यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

आता सरळ मनाच्या माणसानं काय केलं असतं? दहा जुने आणि दहा नवे असा एक वाटा, उरलेल्यांचा दुसरा. विषय संपला. थोरल्यालाही पहिल्यांदा हेच सुचलं. पण मग त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, त्यात मीठ जाऊन जाऊन त्या कधी भरूनच आल्या नव्हत्या. त्याच्या मनात आलं, वीस वर्षं तुडवलं मी. तो बंदरं बघत हिंडला. आणि वाटा अर्धा अर्धा? बापाला काय जातंय लिहायला.

त्याचं दुखणं खोटं नव्हतं, हे आपणही कबूल करू. ते त्यानं भावाला तोंडावर सांगितलं असतं, तर भावानं कदाचित दोन वाफे जास्तही सोडले असते. पण मागून घेण्यात थोरल्याला कमीपणा वाटला. त्यानं जुने वीस वाफे एका वाट्यात घातले आणि नवे वीस दुसऱ्यात. वाफ्याला वाफा सारखा, कोणी नावं ठेवायला जागा नाही.

एवढ्यावर तो थांबता तरी एक वेळ चाललं असतं. पण मीठ म्हणजे चहाडखोर वस्तू. जुन्या वाफ्यांपुढे पांढरीशुभ्र रास आणि नव्यांपुढे चिखलाचा ढीग, असं दिसलं असतं तर गलबतावरच्या माणसालाही कळलं असतं. तेव्हा थोरल्यानं बायकोला सांगितलं, जुन्या वाफ्यांतलं मीठ यंदा धक्क्याकडे वाहायचं.

"दरसाल रास तिकडे तिवरांपाशी घालतो आपण," ती म्हणाली.

"यंदा इकडे. होडीत भरायला सोपं पडतं."

बायकोनं पाट्या वाहिल्या. चार दिवस दोघं मीठ वाहत होती. धक्क्यापाशी चांदण्यासारखी रास उभी राहिली. नव्या वाफ्यांतलं मातकट मीठ थोरल्यानं मागे नेऊन तिवरांपाशी टाकलं. चौथ्या दिवशी बायकोनं चुंबळ काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मीठ कुठलं आहे ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही."

"मग?"

"मग काही नाही. भावोजींना माहीत नाही, एवढंच."

"मी त्याला एक शब्द खोटा सांगणार नाही," थोरला म्हणाला. "उचलायचं त्यानं आहे. त्याच्या हातानं उचलेल तो त्याचा."

खोटं न बोलताही माणूस फसवता येतो, हा शोध त्याला त्याच आठवड्यात लागला होता आणि तो त्याला फार सोयीचा वाटत होता. बायकोनं पुढे वाद घातला नाही. ती पाय धुवायला निघून गेली.

वैशाखात धाकटा आला. बापासाठी रडला, भावाच्या गळ्यात पडला, वहिनीसाठी लांबच्या बंदरातून आणलेलं लुगडं तिच्या हातात दिलं. दोन दिवसांनी पाटील आला, कारकून आला, गावातली दहा-पाच माणसं जमली. कारकुनानं मृत्युपत्र मोठ्यानं वाचलं. मग सगळी मंडळी बांधावरून चालत दोन्ही वाटे बघून आली. धक्क्याकडचे सरळ वाफे आणि ती पांढरी रास बघून लोक मान डोलावत होते. तिवरांकडचे वाकडे वाफे आणि मातकट ढीग बघून गप्प होत होते. थोरला सगळ्यांच्या मागून चालत होता. त्यानं खरोखरच एक शब्द खोटा सांगितला नाही. एक शब्द खराही सांगितला नाही.

"हं, राघो," पाटील म्हणाला, "उचल तुझा वाटा."

धाकटा बांधावर बसला. मग म्हणाला, "पाटील, मला वारा कळतो, भरती कळते. मिठातलं काही कळत नाही. मी उचलणार म्हणजे अंधारात दगड मारणार. कागदात मी उचलावं असं आहे, पण माझ्या वतीनं दुसऱ्यानं उचललं तर चालतं का?"

पाटलानं कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "हक्क तुझा आहे. चार माणसांसमोर तू कोणालाही सांगू शकतोस."

"मग माझ्यासाठी दादा उचलेल," धाकटा म्हणाला. "त्याच्याइतकं ह्यातलं इथं कोणाला कळतं? दादा, तू सांगशील तो माझा."

थोरला उभा होता तिथंच खिळला. सगळा बेत त्यानं केला होता, भरती ओहोटी धरून केला होता, पण ही गोष्ट त्यात कुठं नव्हती. इतका वेळ त्याच्याजवळ एक पळवाट होती: धाकट्यानं आपल्या हातानं उचलला. ती पळवाट धाकट्यानं, बिचाऱ्यानं काही मनात नसताना, बंद करून टाकली. आता भावाचा हात म्हणजे थोरल्याचाच हात. तो जिकडे बोट दाखवील ते भावाच्या डोळ्यांदेखत, भावासाठी, भावाच्या नावानं.

अजूनही वेळ गेली नव्हती. "माझे वाटे नीट पडलेले नाहीत, मला आठ दिवस द्या," एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. कोणी कारण विचारलं नसतं. पण समोर माणसं होती, डोक्यात वीस वर्षं होती, आणि चार दिवस वाहिलेल्या पाट्याही होत्या. आता मागे फिरायचं म्हणजे आपण काय करत होतो हे आपल्याशी तरी कबूल करायला हवं. ते त्याला झेपेना.

"राघोला धक्क्याकडचा," थोरला म्हणाला.

लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. पाटलानं थोरल्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "थोरलेपण असावं तर असं. चांगलं ते धाकट्याला दिलंस आणि वाकडं ते स्वतःला ठेवलंस." धाकट्याचे डोळे भरून आले. तो वाकला आणि त्यानं भावाच्या त्या भेगाळलेल्या पायांवर डोकं ठेवलं. थोरल्याला पाय मागे घ्यावेसे वाटले, पण तसं करायला काही कारण नव्हतं.

त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात थोरल्याचं नाव निघालं. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र कोणी काही बोललं नाही. बायकोनं भात वाढला, कालवण वाढलं आणि ती आपल्या कामाला लागली.

इथवर थोरल्याच्या मनासारखं झालं होतं. गलबतावरचा माणूस चार-पाच महिन्यांनी गलबतावर जाईल, आगर कोणाला तरी कसायला देईल आणि विसरून जाईल, असा त्याचा अंदाज होता. पण धाकट्यानं पावसाळा संपल्यावर मामाला निरोप पाठवला, माझ्या जागी दुसरा माणूस घ्या.

"दादानं धक्क्याकडचा वाटा मला दिला," तो वहिनीला म्हणाला. "तो टाकून मी समुद्रावर कसा जाऊ? आता इथंच राबायचं."

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दोरी वळत होता, त्यानं मान वर केली नाही.

दिवाळी झाली आणि धाकटा वाफ्यांत उतरला. तुडवायचं कसं, हे त्याला थोरल्यानं दाखवलं. एक पाय टाकायचा, टाच दाबायची, मग दुसरा. सकाळपासून दुपारपर्यंत, मग उन्हं कलल्यावर परत. धाकटा जिवापाड तुडवायचा. पाणी घेतलं, ऊन तापलं, वाट पाहिली, आणि मीठ आलं ते मातकट, ओलसर, मुठीत धरलं तर बोटांना चिकटणारं. तो भावाकडे आला.

"दादा, माझं काय चुकतंय?"

थोरल्याच्या ओठांवर आलं होतं, चिकण घाल. दोन शब्द. पण चिकण घाल म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, हे तुला आधीपासून माहीत होतं का? तो म्हणाला, "काही चुकत नाही. नवे वाफे आहेत. तुडवत राहा, जमेल."

त्या घरात एक रीत होती. हंगामाच्या मिठाची पहिली पाटी घरातल्या वडीलधाऱ्याकडे न्यायची, आणि त्या घरानं ती संपेपर्यंत दुसरं मीठ स्वयंपाकाला घ्यायचं नाही. बाप होता तोवर पाटी बापाची होती. आता वडीलधारा थोरला. धाकट्यानं आपली पाटी डोक्यावरून आणली आणि भावाच्या ओट्यावर ठेवली. त्यातल्या त्यात पांढरे खडे त्यानं बोटांनी निवडून वर पसरले होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना थोरल्याच्या दाताखाली कच्चकन रेव आली.

"हे कसलं मीठ घातलंस?"

"भावोजींचं," बायको म्हणाली. "पहिली पाटी आधी संपवायची असते. सासूबाईंनी मला तसंच शिकवलंय."

एक पाटी म्हणजे जवळजवळ सालभराची बेगमी. तिवरांकडे ह्याचंच पांढरंशुभ्र मीठ डोंगराएवढं पडलेलं, आणि हा घरी रेव चावतोय. बायकोनं ते मीठ धुऊन, गाळून घ्यायचं म्हटलं असतं तर घेता आलं असतं. तिनं ते केलं नाही, आणि त्यानंही तिला सांगितलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही.

अशी पाच वर्षं गेली. दरवर्षी धाकटा तुडवायचा, दरवर्षी विचारायचा, आणि दरवर्षी थोरला म्हणायचा, जमेल. धाकट्याच्या टाचा फुटल्या. गलबतावर कमावलेलं अंगावरचं मांस गेलं. त्याचं लग्न ठरत आलं होतं, पण मुलीकडची माणसं आगर बघून गेली आणि पुन्हा आली नाहीत. मिठाच्या होड्या धक्क्याला लागायच्या, त्याच्या राशीकडे बघायच्या आणि थोरल्याकडे जायच्या. गावात लोक म्हणू लागले, भावानं सोन्यासारखा वाटा दिला, पण ज्याच्या हाताला यश नाही त्याला सोन्याचं काय? हे बोलणं धाकट्याच्या कानांवर यायचं. थोरल्याच्याही यायचं. थोरला ते ऐकून पुढे जायचा.

पाचव्या वर्षी पहिली पाटी आली नाही. दोन दिवसांनी धाकटा रिकाम्या हातांनी आला आणि ओट्याखालीच उभा राहिला.

"वर ये की," थोरला म्हणाला.

"नको, इथंच बरा आहे. दादा, मी तुझी क्षमा मागायला आलो." धाकटा जमिनीकडे बघत बोलत होता. "तू मला चांगला वाटा दिलास. चार माणसांसमोर दिलास, स्वतःला वाकडा ठेवलास. मी त्याची माती केली. तू सांगितलंस तसं तुडवलं, पण माझ्या पायांतच काही नाही. तुझ्या हाती राहिला असता तर त्या वाफ्यांचं सोनं झालं असतं. बाबा वरून बघत असतील तर त्यांनाही तोंड दाखवायला मला जागा नाही. तू तो परत घे. मी जातो कुठं तरी. गलबतावर आता कोणी घेणार नाही, पण हमाली तरी मिळेल. एवढंच कर, की मला माफ केलं म्हण."

थोरल्याची बायको दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती फक्त वाट बघत होती.

थोरल्याला काय मिळवायचं होतं ते सगळं त्या क्षणी त्याच्या पुढ्यात होतं. जुना वाटा त्याचाच होता, नवाही भाऊ स्वतःहून देत होता, वर क्षमा मागत होता. फक्त "माफ केलं" म्हणायचं. आणि तेच त्याला म्हणता येईना. चोरी पचवली होती, कौतुकही पचवलं होतं, पण ज्याला लुटलं त्यानंच येऊन हात जोडावे, हे त्याच्या पोटात ठरेना.

"राघो," तो म्हणाला, "तुझ्या पायांत काही खोट नाही. त्या वाफ्यांखाली वाळू आहे."

धाकट्यानं मान वर केली.

"हातभर चिकण घातल्याशिवाय ते धरायचे नाहीत. बाबा सांगून गेले होते. मला तेव्हाही माहीत होतं. ती पांढरी रास तिवरांकडची होती, आम्ही वाहून आणली होती. मी तुला वाईट वाटा दिला. जाणूनबुजून दिला."

धाकटा वळला आणि बांधावरून चालत तिवरांकडे गेला. थोरला मागोमाग गेला. धाकटा जुन्या वाफ्यात उतरला आणि त्यानं टाच दाबून पाहिली. पाच वर्षं तुडवल्यावर आता त्याच्याही पायांना कळत होतं. तळ दगडासारखा होता. तो दुसऱ्या वाफ्यात गेला, तिसऱ्यात गेला. मग बांधावर येऊन बसला.

"मी तुडवायचो तेव्हा तू इथंच बांधावर उभा असायचास," तो म्हणाला.

"होय."

"आणि मी विचारलं की म्हणायचास, जमेल."

"होय."

"का?"

थोरल्यानं सांगितलं. वीस वर्षांचं सांगितलं, टाचांचं सांगितलं, बापानं अर्धा अर्धा लिहिलं तेव्हा पोटात काय तुटलं ते सांगितलं. सांगताना त्यालाच ते फार लहान वाटायला लागलं.

"हे तेव्हा बोलला असतास तर मी तुला तीस वाफे दिले असते," धाकटा म्हणाला.

थोरला रडायला लागला. "माझा वाटा तू घे," तो म्हणाला. "सगळा घे. मी तुझ्या वाळूत चिकण घालत बसतो."

"नको. बाबांनी लिहिलंय तसं कर. वाटे पुन्हा पाड. मी उचलतो."

कचेरीतल्या कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, दोघं भाऊ राजी असले तर कचेरीची काही हरकत नाही, नवा कागद करू. थोरल्यानं पाटलाला आणि गावाला सगळं सांगितलं. ज्या लोकांनी कौतुक केलं होतं तेच आता तोंडावर बोलू लागले. थोरल्यानं ते ऐकून घेतलं.

मग तो वाटे पाडायला बसला. महिनाभर बसला. जुने वाफे दहा इकडे, दहा तिकडे, नवेही तसेच. एवढं करून थांबला नाही. कुठल्या वाफ्यात पाणी आधी पोचतं, कुठल्यात उशिरा, कुठला उन्हाला आहे, कुठल्यावर तिवरांची सावली पडते, सगळं बघितलं. दोनदा हद्द हलवली. बायको मागून चालायची आणि एखाद्या वाफ्यापाशी थांबून म्हणायची, "हा तिकडे जायला हवा." तो तिकडे घालायचा. शेवटी दोन्ही वाटे असे झाले, की त्याला स्वतःला विचारलं असतं कुठला घेशील, तर त्याला सांगता आलं नसतं. इतकं नेकीचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्यानं भावाला निरोप धाडला.

ठरल्या दिवशी सकाळी पाटील आला, कारकून आला, माणसं आली. धाकटा आला. त्यानं धोतर खोचलं आणि काही न बोलता पहिल्या वाफ्यात उतरला. टाच दाबली, पुढे सरकला, परत दाबली. तो वाफा झाल्यावर दुसऱ्यात उतरला. चारही कोपरे बघितले, मधला भाग बघितला. राशीत हात कोपरापर्यंत घालून आतलं मीठ बाहेर काढून पाहिलं. दुपार झाली तेव्हा निम्मे वाफे झाले होते. माणसं सावलीला जाऊन बसली. थोरला उन्हात बांधावर उभा होता.

पाटलाला राहवेना. तो म्हणाला, "अरे राघो, दोन्ही वाटे अगदी सारखे आहेत. मी स्वतः फिरून बघितलेत. ह्या वेळी तुझ्या भावानं तसूभरही इकडचं तिकडे केलेलं नाही. एवढं काय बघत बसलास?"

धाकट्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "असतील सारखे," तो म्हणाला. "बघितलेलं बरं."

आणि तो पुढच्या वाफ्यात उतरला.

"बघू दे त्याला," थोरला पाटलाला म्हणाला.

उन्हं उतरेपर्यंत धाकट्यानं चाळीसही वाफे बघितले. मग बाहेर आला, पाय धुतले, एक वाटा उचलला आणि कागदावर अंगठा उठवला. पुढे त्यानं नव्या वाफ्यांत चिकण घातली, मीठ पांढरं आलं, त्याचं घर उभं राहिलं. दोघं भाऊ शेजारी शेजारी राबले, कधी भांडले नाहीत. पण थोरल्यानं काहीही सांगितलं, आज भरती मोठी आहे म्हटलं, तरी धाकटा "बरं" म्हणायचा आणि आपण स्वतः जाऊन बघून यायचा.

तात्पर्य: जमिनीचे वाटे चुकले तर पुन्हा पाडता येतात. विश्वासाचे येत नाहीत.